संतोषच्या डाव्या अंगठ्याचं काय झालं

दिवाळी अंकासाठी लिहा, असं सांगायला आलेल्या संपादकांनी विषयही सुचवला होता. "मॅडम, चाकाच्या खुर्चीतून उठून चालायला लागलेल्या पेशंटबद्दल लिहा. वाचणाऱ्यांना जरा उभारी येते." तसे पेशंट माझ्याकडे आहेत. एकतीस वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून नोकरी केली की कुणाकडेही असतात. पण लिहायला बसले की त्यांतलं कुणी समोर येत नाही. समोर येतो बिडकीनचा संतोष, आणि त्याच्या डाव्या पायाचा अंगठा. त्या अंगठ्याचं नेमकं काय झालं, हे मला आजही सांगता येत नाही. निवृत्त होऊन वर्ष उलटलं तरी भाजी निवडताना मध्येच मी थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लागते. तेव्हा संपादकांनी माफ करावं.

आमच्या कामाबद्दल आधी थोडं सांगते, कारण फिजिओथेरपी म्हणजे मालीश, असं माझ्या सख्ख्या नणंदेलाही वाटतं. मी ज्या रुग्णालयात होते तिथं माझ्याकडे मुख्यतः मणक्याला मार लागलेले लोक यायचे. पाठीचा कणा म्हणजे हाडं. त्या हाडांच्या पोकळीतून मेंदूपासून कमरेपर्यंत करंगळीएवढा जाड एक दोर जातो, तो मज्जारज्जू. पाय हलवायचा निरोप त्यातून खाली जातो आणि पायाला चटका बसला हा निरोप त्यातूनच वर येतो. हाड मोडलं तर जुळतं. हा दोर चिरडला गेला तर तो हाडासारखा जुळत नाही. छावणीतले एक निवृत्त हवालदार माझ्याकडे यायचे. ते रोज पलंगावर पडल्या पडल्या स्वतःच्या पायांना खड्या आवाजात हुकूम सोडायचे, "दाहिना पैर, ऊपर उठ!" पाय हलायचा नाही. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "मॅडम, जवान बेशिस्त नाय. त्याच्यापर्यंत आवाजच जात नाय." मज्जारज्जूची इजा याहून चांगली मला कुणी समजावून सांगितलेली नाही.

तर आमचं काम म्हणजे उरलंय त्यावर जगायला शिकवणं. कूस बदलणं, हाताच्या जोरावर पलंगावरून चाकाच्या खुर्चीत जाणं, जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं ढुंगण उचलणं, लघवीची नळी स्वतः घालणं. ऐकायला यात काही भव्य नाही. आणि त्याआधी एक काम असतं ते मोजण्याचं. कागदावर माणसाची दोन चित्रं असतात, एक पुढून, एक मागून, अंगभर आडव्या पट्ट्या आखलेल्या. पेशंटनं डोळे मिटायचे. आपण टाचणी आणि कापूस घेऊन वरून खाली यायचं आणि प्रत्येक पट्टीवर विचारायचं, टोचतंय की नुसतं लागतंय, की काहीच नाही. शेजारच्या रकान्यात दोन, एक किंवा शून्य लिहायचं. सगळ्यात शेवटचा रकाना शौचाच्या जागेचा. मज्जारज्जूच्या तळाच्या नसा तिथं येतात. पाय पूर्ण निर्जीव असले, पण तिथं जराशी जाणीव शिल्लक असली, तर इजा 'अपूर्ण' समजायची. नसली तर 'पूर्ण'. या एका शब्दावर बरंच अवलंबून असतं. अपूर्ण इजा असलेल्या माणसात पहिल्या वर्षभरात काही ना काही आपोआप परत येण्याची शक्यता बरी असते. पूर्ण असेल तर फार कमी.

संतोष फॅब्रिकेशनचं काम करायचा. बिडकीनच्या बाजूला नवीन कारखान्यांच्या शेड उभ्या राहात होत्या, तिथं छतावर चढला असताना फायबरचा पत्रा तुटून खाली आला. वय बत्तीस. त्याची बायको अर्चना अंगणवाडीत सेविका. ऑपरेशन होऊन तीन महिने झाल्यावर तो माझ्याकडे आला तेव्हा बेंबीखाली काही नव्हतं. हात मात्र लोहाराचे. मला मनातून आनंद झाला, हा खुर्ची महिन्याभरात शिकेल.

पण अर्चना फाइल पुढे करत म्हणाली, "मॅडम, खुर्चीचं नंतर बघू. आधी हा चार्ट भरून द्या. पेशींच्या उपचाराला जायचंय आमाला. त्यायनी मागितलाय."

दुसऱ्या एका मोठ्या शहरात एक सेंटर होतं. तिथं कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातल्या मूळ पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीतून सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या, असा तो उपचार. या पेशी जखमेच्या जागी जाऊन दोर दुरुस्त करतील अशी कल्पना. कल्पना खोटी नाही. जगभर त्यावर संशोधन चाललंय आणि शहाणी माणसं ते करतायत. पण उपचार म्हणून त्याला आपल्याकडे मान्यता नाही. तो फक्त परवानगी घेतलेल्या संशोधनात द्यायचा आणि तिथं पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. हे सेंटर घेत होतं. मी हे सगळं दोघांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग संतोष म्हणाला, "मॅडम, खात्री नाय हे कळलं. पण होणारच नाय, असं बी तुमी म्हनत नाय ना?"

मी म्हटलं, "नाही, तसं मी म्हणू शकत नाही."

"मंग द्या भरून."

आता मला जे लिहायचंय ते इथं आहे. तो सोमवार होता. बाहेर बाकावर सहा पेशंट बसलेले. आमच्या खोलीतला आडवा पडदा धुवायला गेला होता आणि शेजारच्या पलंगावर एका आजींच्या खांद्याचा व्यायाम चालू होता. मी टाचणी घेऊन संतोषच्या छातीपासून सुरुवात केली, बेंबीपर्यंत आले, पाय पाहिले. शून्य, शून्य, शून्य. शेवटचा रकाना राहिला. त्याला कुशीवर वळवायचं, कपडे काढायचे, हातमोजा घालायचा, आणि पडदा नाही. त्याच्या चेहऱ्यावर संकोच, माझी घाई. आणि बाकी सगळं शून्य असताना तिथं काय निघणार आहे, असं मला वाटलं. मी न तपासता तिथं शून्य लिहिलं. वर लिहिलं, 'इजा: पूर्ण'. सही केली, शिक्का मारला. दहा मिनिटं लागली असतील.

जायच्या तारखेला दोन महिने होते. त्या दोन महिन्यांत संतोषनं खुर्चीला हात लावला नाही. "चालायचंच हाये तर खुर्ची कामून शिकू?" मी रागावले, समजावलं, हवालदारसाहेबांकडून दम देववला. ते आपल्या खुर्चीतून म्हणाले, "बेटा, मीबी पयल्या वर्सी हेच म्हनलो." संतोष हसला, पण शिकला नाही. पडून पडून माकडहाडावर जखम झाली, ती भरेपर्यंत तारीख पुढे गेली.

शेवटी ते गेले, पंधरा दिवसांनी आले आणि थेट माझ्या खोलीत. अर्चनाचा चेहरा मी विसरणार नाही. "मॅडम, अंगठा हलतोय."

मी मोजा काढला. म्हटलं, "संतोष, डाव्या पायाचा अंगठा वर घे." काही झालं नाही. मी पाहात राहिले. आठ-दहा सेकंदांनी अंगठा वर उचलला गेला आणि खाली आला. पुन्हा सांगितलं, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा मी काहीच सांगितलं नाही आणि तो आपसूक हलला.

मणक्याच्या पेशंटचे पाय आपोआप आखडतात, उडतात. मेंदूचा ताबा सुटलेल्या नसांचा तो स्वतःचा कारभार असतो. त्यामुळं अंगठा हलला म्हणजे संतोषनं हलवला असं होत नाही. पण पहिल्या वेळेला? सांगितल्यावर हलला होता. उशिरा, पण हलला होता. मी चार्ट पुन्हा काढला. या वेळी पडदा होता, आणि का कोण जाणे, मी सगळं नीट केलं. जाणीव बेंबीखाली चार बोटं सरकली होती. आणि शेवटच्या रकान्यात, कुशीवर वळवून कापूस लावला तर डोळे मिटलेला संतोष म्हणाला, "लागतंय."

"कुठं?"

"तुमी लावताय तिथंच."

मी 'अपूर्ण' असं लिहिलं तेव्हा अर्चना हुंदके देऊन रडत होती. माझ्या पहिल्या कागदाप्रमाणे पूर्ण इजा अपूर्ण झाली होती. तो केवढा मोठा चमत्कार असतो, हे त्या खोलीत फक्त मला कळत होतं. आणि तो पहिला कागद मीच न बघता भरला होता, हेही फक्त मला. सहा महिन्यांपूर्वी ती जाणीव तिथं होती की नव्हती? असली, तर हे जे काही परत आलं ते पेशी न घालताही आलं असतं कदाचित. नसली, तर पेशींनी खरंच काहीतरी केलं होतं. कुठलं खरं, हे ठरवायचा एकच क्षण होता, तो सोमवार, आणि तो मी घालवला होता.

मी कुणाला काही बोलले नाही. संतोष आता रोज तीन-तीन तास व्यायाम करत होता. उमेद आल्यावर माणूस काय करतो ते मी बघत होते, आणि मला वाटायचं, कशाला मोडता घाला? एखाद्या दिवशी वाटायचं, व्यायामानंच सुधारत असेल. दुसऱ्या दिवशी वाटायचं, नाही, पेशीच असतील, तू उगाच शंका काढतेस.

तीन-चार महिन्यांनी छावणीतले यूसुफभाई आले. फौजी गणवेश शिवणारं त्यांचं दुकान. मुलगी सना, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, स्कूटीवरून पडून मणक्याला मार बसलेला. त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "मॅडम, ये आपकीच सही है ना?"

पडद्यावर माझे दोन चार्ट शेजारी शेजारी होते. नाव झाकलेलं, पण माझी सही आणि शिक्का स्पष्ट. एकावर 'पूर्ण', दुसऱ्यावर 'अपूर्ण', मध्ये मोठा बाण. दुसरा कागद अर्चनानं आनंदानं सेंटरला पाठवला असणार; तिथूनच हे फिरत आलं होतं. यूसुफभाई म्हणाले, "सेंटरवाले तो बोलेंगेच. पण आपल्या शहरातल्या मॅडम लिहून देतात म्हणल्यावर मी विचार केला, आता विचारायचं काय राहिलं? पोरीला घेऊन जातो."

मी त्यांना म्हटलं, "यूसुफभाई, चार दिवस थांबा. मला एकाशी बोलायचंय."

रविवारी मी बिडकीनला गेले. संतोषच्या घरापुढे पत्र्याच्या सावलीत खिडकीची ग्रिल पडली होती. खुर्चीत बसून हाताशी येईल अशा उंचीचा ओटा त्यानं करून घेतला होता आणि वेल्डिंग चालू होतं. म्हणजे वॉर्डातून घरी गेल्यावर खुर्ची शिकला होता, मला न सांगता. अर्चनानं चहा टाकला. चहा येईपर्यंत मी थांबले नाही.

"संतोष, पहिल्या वेळेला मी शेवटचा रकाना तपासलाच नव्हता. पडदा नव्हता, गर्दी होती. न बघता शून्य लिहिलं."

अर्चना पातेलं हातात घेऊन दारात उभी राहिली. "म्हंजी काय, मॅडम?"

मी जमेल तसं समजावलं.

"म्हंजी हे आपोआप व्हत आलं होतं?"

"असू शकेल."

"का पेशींनी झालं?"

"तेही असू शकेल."

"तुमाला काय वाटतं?"

"अर्चना, मला कळत नाही."

"तुमालाच कळंना तर आमी कुनाला इचारायचं?" तिचा आवाज चढला. "इतके दिस का नाय बोललात? लोकं इचारत येत्यात आमाला. मी साऱ्यांना सांगितलं, जावा म्हनून!"

मी खाली बघत बसले. तेवढ्यात संतोषनं डोळ्यावरचा काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "मॅडमला कामून बोलती? मला तवा कळत व्हतं."

आम्ही दोघी त्याच्याकडे बघायला लागलो.

"जायच्या आधी. आई मला धुवायची तवा तिचा हात लागल्यासारखं वाटायचं. एखाद येळेस. मी म्हनलं, भास असंल."

"मला नाय सांगितलं?" अर्चना म्हणाली.

"सांगितलं असतं अन् नंतर काय निघालं नसतं, तर तू पुन्हा रडली असती." मग तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, "पण आता मॅडमनी इचारल्यावर मला तसं आठवाया लागलंय का खरंच तवा कळत व्हतं, ते बी नक्की नाय. लई गोंधळ हाये."

अर्चना आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. चहा तिनं शेवटी सासूच्या हातून पाठवला. मी निघाले तेव्हा संतोष म्हणाला, "त्या पोरीच्या बापाला खरं सांगा. माझं नाव सांगितलं तरी चालंल."

सोमवारी मी आमच्या प्रमुख डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि लेखी दिलं. सेंटरला पत्र गेलं, की पहिला चार्ट ग्राह्य धरू नये. उत्तर आलं नाही. ते चित्र अजूनही कुणाच्या तरी मोबाइलवर असेल.

सनाचा चार्ट मी दोन दिवस घेऊन काढला. पडदा लावून, दार लावून. माझ्यानंतर माझी सहकारी वैशाली हिनं, माझा कागद न बघता, स्वतंत्रपणे काढला. दोन्ही जुळले. सनाची इजा पूर्ण होती. शेवटच्या रकान्यात मी शून्य लिहिलं. त्या शून्यावर आता मी पैज लावायला तयार होते, आणि ते खोटं निघावं असंही वाटत होतं.

यूसुफभाईंना मी संतोषची हकिकत नाव न घेता सांगितली. ते ऐकत होते, कपाळावरचा घाम पुसत होते. "मॅडम, मैं कपडे का आदमी हूं. माप चुकलं तर सदरा उसवून पुन्हा शिवता येतो. इसमें क्या करना, सच्ची समझ नहीं आरा." मग ते औषधं आणायला खाली गेले आणि सना पहिल्यांदाच माझ्याशी सरळ बोलली.

"मॅडम, तुम्ही अब्बूंना 'नको' असं लिहून द्या ना."

"का गं?"

"नाहीतर ते रोज रात्री विचार करत बसतील, की नेलं असतं तर पोरगी चालली असती. तुम्ही लिहून दिलंत तर तुमच्यावर राग काढतील. मला परीक्षा द्यायची आहे."

मी तिला विचारलं, "तुला स्वतःला काय वाटतं?"

"मला वाटतं जावं," ती म्हणाली, "आणि मला वाटतं जाऊ नये. एकाच वेळी. असं होतं का कुणाला?"

"होतं," मी म्हटलं.

मी लिहून दिलं. 'आज या उपचाराच्या उपयोगाची खात्री देता येत नाही. परवानगी असलेल्या संशोधनात जागा मिळाली तरच विचार करावा. तोपर्यंत पुनर्वसन चालू ठेवावं.' तिला हवं होतं तसं ठणठणीत 'नको' माझ्याकडून लिहिलं गेलं नाही. संशोधनासाठी चौकशी केली, पण तिथल्या अटींत ती बसली नाही. सनानं परीक्षा दिली, पास झाली, आता घरूनच दोन दुकानांचे हिशेब करते. पाय तसेच आहेत. यूसुफभाई मला अजून ईदला शीरखुर्मा पाठवतात, पण स्वतः येत नाहीत. त्यांचा माझ्यावर राग आहे का, मला माहीत नाही. असला तर सनानं मागितलेलं तेवढं तरी मी दिलं, असं समजते. आणि मी थांबवलं ते योग्य होतं का? पुरावा बघितला तर होतं. रात्री झोप लागली नाही की पुरावा कामाला येत नाही.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात संतोष आणि अर्चना आले. त्या रविवारनंतर अर्चना माझ्याशी कामापुरतंच बोलायची. संतोष म्हणाला, "मॅडम, तुमी जायच्या आत तुमच्या हातचा एक चार्ट पायजे. नीट काढलेला." मागच्या बाजूला दोन जास्तीची चाकं लावलेली स्कूटर चालवत तो बिडकीनहून स्वतः आला होता.

मी पडदा ओढला. सावकाश, वरून खाली. बेंबीखालची जाणीव होती तिथंच होती, पुढं सरकली नव्हती. शेवटचा रकाना आधी केला, मग मांड्या, पोटऱ्या, घोटे. अंगठ्यापाशी आले तसं संतोषनं डोळे उघडले.

"तेवढं राहू द्या, मॅडम."

"का रे?"

"कवा कवा हलतो अजून. सकाळी ही मोजे घालती तवा. मी हलवतो का त्योच हलतो, मला ठाव नाय. तुमी तपासलं तर कायतरी एक लिहाल. आन् मंग ते तसंच ठरंल."

मी अर्चनाकडे पाहिलं. मला वाटलं, ती म्हणेल तपासाच, एकदाचं कळू द्या. ती खिडकीबाहेर बघत होती.

मी अंगठ्याच्या रकान्यात काहीच भरलं नाही. शेजारी लिहिलं, 'तपासलं नाही. रुग्णाची इच्छा.' खाली सही केली आणि कागद अर्चनाच्या हातात दिला. तिनं तो वाचला. मग पुन्हा एकदा, अक्षरांवर बोट ठेवून वाचला.

"हे खरं लिवलं, मॅडम," ती म्हणाली.